अठ्ठेचाळीस मतांचं शास्त्र

४ जून २०२४. गोरेगावच्या नेस्को संकुलात मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी चालू होती. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून हा मतदारसंघ होतो. मतदानयंत्रांतल्या मतांची बेरीज झाली तेव्हा अमोल कीर्तिकरांच्या नावापुढे ४,५१,०९५ मतं होती आणि रवींद्र वायकरांच्या नावापुढे ४,५१,०९४. नऊ लाखांवर मतं मोजून फरक निघाला एका मताचा! त्यांत टपाली मतं मिळवली. कीर्तिकरांना १,५०१, वायकरांना १,५५०. वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या निवडणुकीत सबंध देशात एवढ्या कमी फरकाने दुसरी कुठलीही जागा लागली नाही. अंधेरीहून सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यात यापेक्षा जास्त माणसं उभी असतात.

हे आकडे पहिल्यांदा शेजारीशेजारी लिहून पाहिले तेव्हा मी बराच वेळ कागदाकडे बघत राहिलो. बारावीनंतर राज्यशास्त्र घ्यावं की नाही, अशा विचारात असलेल्या कुणालाही मी आधी हेच आकडे दाखवीन. कारण त्यांच्यात हा विषय जवळजवळ सगळा सामावलेला आहे.

बघा ना. विजयी उमेदवाराला निम्मी मतं मिळालेली नाहीत, तरी तो खासदार झाला. कारण आपल्याकडे सर्वांत जास्त मतं घेणारा जिंकतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. हा नियम निसर्गाने दिलेला नाही. माणसांनी वाद घालून, इतर पर्याय बाजूला सारून तो निवडला. जर्मनीत पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. फ्रान्समध्ये कुणालाच बहुमत नसलं तर मतदान पुन्हा होतं. तीच माणसं, तीच मतं, पण नियम बदलला की निकाल बदलू शकतो. मॉरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्ये मांडलं की आपल्यासारख्या पद्धतीत लढत हळूहळू दोघांत एकवटत जाते, कारण तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल अशी मतदाराला धास्ती वाटते. भारतात हा सिद्धांत सगळीकडे लागू पडतोच असं नाही, आणि तो का पडत नाही यावर आपल्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मुंबई वायव्यमध्ये मात्र पहिल्या दोघांनी मिळून नऊ लाखांवर मतं घेतली.

आता याच मतदारसंघातले पंधरा हजारांहून अधिक लोक पाहा, ज्यांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे हे बटण यंत्रावर आलं. उन्हातान्हात केंद्रापर्यंत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि ‘यांपैकी कुणीही नको’ असं सांगून परत यायचं, हे माणूस का करतो? २०२२ च्या नोव्हेंबरात अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक झाली. प्रमुख विरोधी उमेदवाराने माघार घेतली होती. ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून विजयी झाल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर कुठलाही उमेदवार नव्हता, १२,८०६ मतांसह ‘नोटा’ होता. बाकी सगळे उमेदवार त्याच्या मागे. त्या बारा हजारांपैकी कुणाचा रोष होता, कुणाचा निषेध, कुणाला नुसतंच आपलं मत नोंदवायचं होतं, हे यंत्र सांगत नाही. ते शोधायला माणसांकडे जावं लागतं.

आणि मुळात लोक मत का देतात? अँथनी डाउन्स या अमेरिकन अभ्यासकाने १९५७ मध्ये हा प्रश्न फार कठोरपणे विचारला. लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, आणि मत द्यायला वेळ व श्रम तर लागतातच. हिशेबी माणूस घरी बसला पाहिजे. तरी माणसं येतात. पुढच्या अभ्यासकांनी या हिशेबात कर्तव्याची भावना धरली, आपण या गावाचे आहोत हे दाखवण्याची ओढ धरली. यंत्रांतली मतं एका मताच्या फरकावर येऊन थांबतात तेव्हा हे कोडं आणखी गहिरं होतं. त्या एका मताचा माणूस कोण होता, हे कुणालाही, त्याला स्वतःलासुद्धा, कधीच कळणार नाही.

मतं अगदी समसमान पडली असती तर? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६५ मध्ये उत्तर आहे: चिठ्ठी टाकायची. मुंबईने हे पाहिलंय. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत गिरगावातल्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि एका चिमुरडीने उचललेल्या चिठ्ठीवर नगरसेवक ठरला. आपल्याला हा नाइलाजाचा उपाय वाटतो. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठीनेच भरली जात. पाचशे जणांचं मंडळ चिठ्ठीने ठरे आणि न्यायसभेत कुणी बसायचं हे खाचा पाडलेल्या दगडी यंत्रातून निघे. ॲरिस्टॉटलने तर लिहून ठेवलंय की चिठ्ठीने नेमणूक ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. आपण ज्याला लोकशाहीचा गाभा समजतो, त्याकडे अथेन्सवाले संशयाने बघत होते! एफवायच्या वर्गात हे वाक्य ऐकून ज्याची झोप उडते, तो या विषयाचा विद्यार्थी.

उपनगरांत राहणाऱ्यांना तर हे शास्त्र उंबऱ्यावर भेटतं. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा, पण अंधेरी-घाटकोपर महापालिकेत आले १९५० मध्ये, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला १ ऑक्टोबर १९९० ला; त्याचे तालुके तीन, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. म्हणजे बोरिवलीतल्या माणसाचं पाणी आणि कचरा महापालिकेच्या आर-मध्य विभागाकडे, सातबारा तहसीलदाराकडे, पोलीस राज्य सरकारकडे, स्टेशन रेल्वेकडे. मुलुंड चेक नाक्यावर उभे राहा. चार पावलं पुढे टाकली की ठाणे महापालिका लागते: दुसरा आयुक्त, दुसरा अर्थसंकल्प. याच नाक्यावर जकातीसाठी ट्रकांच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. मुंबई महापालिकेचं सर्वांत मोठं हक्काचं उत्पन्न गेलं आणि त्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. स्वतः वसूल केलेला पैसा आणि दुसऱ्याने दिलेला पैसा यांनी संस्थेची मान वेगवेगळ्या कोनात राहते. संघराज्य म्हणजे काय, हे या नाक्याइतकं स्पष्ट मला कुठल्या पुस्तकात दिसलं नाही.

लोकप्रशासनाचा पेपर मुलांना रुक्ष वाटतो. अधिकारक्षेत्र, परवाना, समन्वय असे कोरडे शब्द. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरजवळ वादळी वाऱ्यात पेट्रोलपंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. महापालिकेने सांगितलं, आमची परवानगी घेतलेलीच नव्हती. दोन कार्यालयांच्या हद्दींमध्ये सुटलेली एक फट, आणि तिच्याखाली पावसापासून आडोसा शोधत थांबलेली माणसं. परवाना कोण देतं, तपासतं कोण आणि जबाब कुणाला देतं, हे प्रश्न त्या दिवसानंतर मला कधीही रुक्ष वाटले नाहीत.

या विषयाला मुंबईत फार मोठी माणसं लाभली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए केलं ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. पण मला विशेष आठवतात त्या उषा मेहता. १९४२ च्या ऑगस्टात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी साथीदारांसह मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. वर्तमानपत्रांना बंदी असलेल्या बातम्या तो देशाला सांगायचा. पोलीस मागावर असल्याने यंत्र या घरातून त्या घरात हलवावं लागे. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या, चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात राहिल्या, १९४६ मध्ये सुटल्या तेव्हा प्रकृती ढासळली होती. पुढे त्यांनी गांधीविचारावर मुंबई विद्यापीठातून पीएचडी केली, त्याच विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राजकारण शिकवलं आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. ज्या बाईने सत्तेला प्रत्यक्ष आव्हान देऊन तुरुंग भोगला, तीच बाई फळ्यासमोर उभी राहून सत्ता म्हणजे काय हे मुलांना समजावत होती. तो विभाग आज कलिन्याला, फिरोजशाह मेहता भवनात आहे. सांताक्रूझ स्टेशनवर उतरायचं आणि पूर्वेला जायचं, बस्स.

पदवीत शिकायचं काय, ते थोडक्यात सांगतो: राजकीय सिद्धांत, भारताची राज्यघटना, पाश्चात्त्य आणि भारतीय विचारवंत, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध, महाराष्ट्राचं राजकारण. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर-मायनरची रचना आली आहे. तेव्हा पॉलिटिक्स मेजर ठेवून अर्थशास्त्र, इतिहास किंवा संख्याशास्त्राची जोड मिळते का, हे प्रवेशाआधी कॉलेजात विचारा. संख्याशास्त्र मिळत असेल तर सोडू नका.

घरचे मात्र एकच विचारतात: याचं पुढे काय? त्यांचा प्रश्न रास्त आहे. बहुतेकांना एकच उत्तर माहीत असतं, यूपीएससी. तिथे हा विषय उपयोगी आहे यात शंका नाही. वैकल्पिक विषय म्हणून त्याचे ५०० गुण आहेत आणि सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर जवळजवळ याच विषयाचा. एमपीएससीनेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आहे. पण निव्वळ परीक्षेची पूर्वतयारी म्हणून ही तीन वर्षं घालवणं मला चुकीचं वाटतं. परीक्षेत बसणारे लाखो, निवडले जाणारे मूठभर. आणि विषय मनापासून शिकलेल्याला जी इतर दारं उघडतात, ती नुसत्या तयारीवाल्याला दिसतसुद्धा नाहीत.

त्यातलं एक दार मला फार मोलाचं वाटतं, ते सर्वेक्षणाचं. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा ‘लोकनीती’ हा उपक्रम निवडणुकांनंतर देशभर मतदारांच्या मुलाखती घेतो. त्यासाठी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देतात. मतदारयादीतून ठरावीक पद्धतीने नावं निघतात आणि त्याच माणसाला गाठायचं असतं. तो घरी नाही म्हणून शेजाऱ्याला विचारून चालत नाही. मत कुणाला दिलं, हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. हातात नमुना मतपत्रिका देतात, माणूस खूण करतो, घडी घालतो आणि सोबत आणलेल्या पेटीत टाकतो. अनोळखी पोरासमोर आपलं गुपित सुरक्षित राहील असं त्याला वाटलं, तरच तो खरं सांगणार. घाटकोपरला एकाच इमारतीत मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही बोलणारा मुलगा किंवा मुलगी या कामात सोन्यासारखी. पुढे बाजार-संशोधनापासून निवडणूक-विश्लेषणापर्यंत सगळीकडे हेच कौशल्य लागतं.

दुसरं दार कायदेमंडळाचं. पीआरएस ही संस्था दरवर्षी तरुण पदवीधरांना खासदारांचे सहायक म्हणून नेमते. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत प्रश्न तयार करायचे, विधेयकं वाचून टिपणं काढायची. राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तरुणांना शासनाच्या कार्यालयांत काम करायला मिळतं. मुंबईची प्रजा फाउंडेशन माहितीच्या अधिकारातून आकडे मिळवून नगरसेवक-आमदारांची प्रगतिपुस्तकं काढते. तिथे लागतो तो कागदपत्रं चिवटपणे वाचणारा माणूस. अंधेरी पश्चिमेला बर्फीवाला मार्गावर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचं स्थानिकराज भवन आहे. नगरपालिकांच्या कारभाराचं प्रशिक्षण हे या संस्थेचं काम, १९२६ पासूनचं. याशिवाय वकिली, पत्रकारिता, सेट-नेट देऊन अध्यापन, हे रस्ते सर्वांना ठाऊक आहेत. सुरुवातीचा पगार कॉमर्स-आयटीवाल्या मित्रापेक्षा बहुधा बेताचाच असेल, हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं.

आणि एक दार राजकारणाचं स्वतःचं. गोरेगावच्या मृणाल गोरे शिकत होत्या वैद्यकीय, ते सोडून कामात उतरल्या. १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या, १९७२ मध्ये आमदार, १९७७ मध्ये खासदार, आणि उपनगरातल्या नळाच्या पाण्यासाठी एवढ्या झगडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचं नाव पडलं. त्यांनी पदवी या विषयाची घेतली नव्हती. पण पाणी कुणाला मिळतं, केव्हा आणि कुणाच्या सांगण्यावरून, हा राज्यशास्त्राचा अगदी मुळातला प्रश्न त्या हंडे घेतलेल्या बायकांबरोबर विचारत राहिल्या.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म २०’ मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते छापलेलं असतं. आपल्या सोसायटीचं केंद्र शोधा, मग रस्त्यापलीकडच्या चाळीचं, मग टेकडीवरच्या वस्तीचं. आकडे वेगळे का पडले असतील, याची तुमची कारणं कागदावर लिहा. लिहिताना रात्रीचे अकरा कधी वाजले ते कळलं नाही, तर बेलाशक हा विषय घ्या.