मिश्र गणिताची पदवी

गणित आणि भौतिकी या दोन विषयांची मिळून एकच पदवी घेणे ही अलीकडची कल्पना आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ही दोन शास्त्रे एकमेकांपासून विभक्त झाली, हीच तुलनेने अलीकडची घटना होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गणिताचे ‘शुद्ध’ आणि ‘मिश्र’ असे दोन भाग मानीत. संख्या, आकृती व समीकरणे यांचा केवळ त्यांच्यासाठीच विचार करणारे ते शुद्ध गणित. आणि गती, द्रव, प्रकाश व ग्रहगोल यांच्या अभ्यासात उतरलेले ते मिश्र गणित. १८५७ साली स्थापन झालेल्या कलकत्ता विद्यापीठातही पुढे हीच विभागणी रूढ झाली. १९१५ साली या विद्यापीठाच्या मिश्र गणिताच्या एम.एस्सी. परीक्षेत सत्येंद्रनाथ बोस पहिले आले आणि मेघनाद साहा दुसरे. दोघांपैकी एकानेही भौतिकीची पदव्युत्तर परीक्षा दिलेली नव्हती. तरीही पुढील दहा वर्षांच्या आत दोघांनीही भौतिकीच्या इतिहासात कायमचे स्थान मिळविले. हे कसे घडले, याचा उलगडा झाला म्हणजे अशा संयुक्त अभ्यासक्रमाचे खरे स्वरूपही ध्यानात येते.

सत्याच्या दोन कसोट्या

दोन विषयांच्या पुस्तकांचा गठ्ठा एकत्र बांधला म्हणजे संयुक्त पदवी झाली, असे नाही. या विद्यार्थ्याला सत्य पारखण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धती एकाच वेळी अंगी बाणवाव्या लागतात. साध्या लंबकाचे उदाहरण घेऊ. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला टांगलेला गोळा किंचित बाजूला नेऊन सोडला, तर त्याचे एक आंदोलन पूर्ण होण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. शालेय पुस्तकातील सूत्रही हेच सांगते. परंतु हे सूत्र मिळविताना कोनाच्या ज्येऐवजी खुद्द कोनच घेतलेला असतो. ही अदलाबदल न्याय्य आहे काय, असा प्रश्न गणिताचा शिक्षक विचारील; आणि काटेकोर उत्तर काढून दाखवील की, गोळा तीस अंशांपर्यंत बाजूला नेल्यास आंदोलनकाल सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, साठ अंशांपर्यंत नेल्यास सात टक्क्यांहून अधिक. भौतिकीचा शिक्षक वेगळाच प्रश्न विचारील : तुमच्या घड्याळाने हा फरक दिसतो काय? दिसत नसेल, तर साधे सूत्र पुरेसे आहे. दिसत असेल, तर हवेच्या विरोधाचा आणि दोऱ्याच्या ताणाचाही हिशेब द्या.

हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. गणितात एक अपवाद सापडला की प्रमेय कोसळते. भौतिकीत मात्र नियमाची मर्यादा सापडली म्हणून तो टाकून देत नाहीत. तो कोठवर चालतो, एवढेच नीट लिहून ठेवतात. सकाळच्या तासाला एक शिस्त आणि दुपारी प्रयोगशाळेत दुसरी, अशी ही दुहेरी शिकवण असते.

अभ्यासातील अडचणी

या मार्गात अडचणीही आहेत आणि त्या लपवून ठेवणे इष्ट नाही. पहिली अडचण क्रमाची. विद्युत्‌चुंबकत्व शिकताना सदिशांचे कलन लागते. पण गणिताच्या वर्गात ते अनेकदा नंतर येते. विद्यार्थ्याला साधन आधी वापरावे लागते आणि त्याची सिद्धता मागाहून कळते. दुसरी अडचण वेळेची. प्रयोग करणे, नोंदवही लिहिणे, मापनातील त्रुटींचा हिशेब ठेवणे यांत दिवस जातात आणि प्रमेयांवर शांतपणे विचार करण्यास रात्रच उरते. तिसरी अडचण अधिक खोल आहे. केवळ गणित शिकणारे सहाध्यायी अमूर्त बीजगणितात पुढे गेलेले असतात, केवळ भौतिकी शिकणारे प्रयोगांत तरबेज झालेले असतात, आणि आपण मात्र दोन्हीकडे अर्धवट राहिलो, अशी भावना या विद्यार्थ्याच्या मनात घर करते. या भावनेला उत्तर आहे ते बोस यांच्या कार्यात.

मोजणीचा प्रश्न

मॅक्स प्लांक यांनी १९०० साली तप्त वस्तूतून निघणाऱ्या प्रारणाचा नियम शोधला. प्रयोगांशी तो तंतोतंत जुळत होता. पण त्याच्या उपपत्तीत एक विसंगती होती. तिचा अर्धा भाग नव्या पुंज कल्पनेवर आधारलेला, तर उरलेला अर्धा जुन्या तरंग सिद्धांतातून उसना घेतलेला होता. १९२१ पासून ढाका विद्यापीठात प्रपाठक असलेल्या बोस यांना हा विषय शिकविताना ही विसंगती खटकत असे.

त्यांनी काढलेला मार्ग समजण्यासाठी दोन नाणी वर उडवू. दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिल्यावर छापा व दुसऱ्यावर काटा, आणि याच्या उलट, अशा चार शक्यता होतात. म्हणून एक छापा व एक काटा पडण्याचा संभव निम्मा असतो. आता अशी कल्पना करा की, ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ या शब्दांनाच काही अर्थ नाही. मग शक्यता तीनच उरतात आणि प्रत्येकीचा संभव एकतृतीयांश होतो. खरी नाणी कितीही सारखी असली तरी तशी वागत नाहीत. प्रकाशाचे कण मात्र तसेच वागतात. बोस यांनी आपल्या निबंधात नाण्यांचा दाखला दिलेला नव्हता. त्यांनी ऊर्जेच्या अवस्थांचे सूक्ष्म खण कल्पिले आणि त्यांतील किती रिकामे, किती खणांत एक कण, किती खणांत दोन, एवढेच मोजले. कोणता कण कोणत्या खणात आहे, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. आणि प्लांक यांचा नियम जुन्या सिद्धांताचा आधार न घेता हाती आला. ४ जून १९२४ रोजी त्यांनी हा निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो प्रसिद्ध करविला.

येथे दोन शास्त्रांची वाटणी स्पष्ट दिसते. चार शक्यता मोजाव्यात की तीन, हे गणित ठरवू शकत नाही; दोन्ही मोजण्या निर्दोषच आहेत. उलट, केवळ प्रयोगातून तिसरी मोजणी सुचत नाही. निसर्ग कोणती मोजणी पसंत करतो, हे विचारण्यासाठी दोन्ही भाषा अवगत असलेला माणूस लागतो.

पदवीनंतरचे शिक्षण

तथापि केवळ पदवीने हे साधले, असे म्हणता येणार नाही. कुलगुरू असताना कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयाची उभारणी करणारे आशुतोष मुखर्जी यांनी स्वतः गणित आणि भौतिकी या दोन्ही विषयांत एम.ए. केले होते. १९१६ साली बोस आणि साहा त्या महाविद्यालयात शिकवू लागले. नियुक्ती गणितात झाली होती. लवकरच दोघेही भौतिकीकडे वळले. महायुद्धामुळे युरोपातून नवी पुस्तके मिळणे दुर्घट झाले होते. शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ब्रूल नावाच्या प्राध्यापकांकडून बोस यांनी जर्मन ग्रंथ मिळविले. आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा बोस व साहा यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी साहा यांनी रसायनशास्त्रातील समतोलाचा नियम ताऱ्यांच्या वातावरणातील अणूंना लावून आपले आयनीभवनाचे समीकरण मांडले. अशा रीतीने, नवी भौतिकी ते स्वतः शिकले ती इतरांना शिकविता शिकविताच.

आज आपल्या देशात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत गणित व भौतिकी यांची संयुक्त पदवी घेता येते. केंब्रिजमध्ये सैद्धांतिक भौतिकीचे बरेचसे अध्यापन गणिताच्याच पदवीत होते. कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसहून तेथे गेलेले जयंत नारळीकर गणिताच्या याच परंपरेतून खगोलभौतिकीकडे वळले.

ही वाट कोणी धरावी? सूत्र पाठ करून ज्याचे समाधान होत नाही आणि सिद्धता वाचून झाल्यावरही ‘हे प्रत्यक्षात घडते काय?’ असा प्रश्न ज्याला पडतो, त्याने. दोन्ही वर्गांत त्याला काही काळ मागे पडल्यासारखे वाटेल. ते सोसण्याची तयारी मात्र त्याने आधीपासूनच ठेवावी. कारण बोस यांनी सोडविलेल्या प्रश्नासारखे प्रश्न या दोन वर्गांच्या मधल्या वाटेवरच भेटतात.