विशेषण की क्रियाविशेषण? इंग्रजी वाक्याचे कोडे आणि मराठीतील किल्ली

'आंबा गोड लागतो' हे इंग्रजीत सांगताना 'द मँगो टेस्ट्स स्वीट' म्हणावे की 'टेस्ट्स स्वीटली', असा प्रश्न इंग्रजी शिकणाऱ्या अनेकांना पडतो. क्रियापदाविषयी अधिक माहिती देणारा शब्द क्रियाविशेषण असतो, हा शाळेत पाठ केलेला नियम दुसऱ्या वाक्याकडे ओढतो. बरोबर वाक्य मात्र पहिले आहे. 'स्वीट' हा शब्द चाखण्याच्या क्रियेविषयी काहीच सांगत नाही. तो आंब्याविषयी सांगतो. क्रियापदाचे काम येथे कर्ता आणि त्याचा गुण यांना सांधण्यापुरते आहे.

जबलपूरचे व्याकरणकार

अशा क्रियापदांचा विचार भारतीय भाषांच्या व्याकरणांत फार पूर्वीच झालेला आहे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर जबलपूरमध्ये अध्यापन केलेले कामताप्रसाद गुरू यांचे 'हिंदी व्याकरण' काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० मध्ये प्रकाशित केले. दामले यांच्या ग्रंथाचे साहाय्य झाल्याचा उल्लेख गुरू यांनी आपल्या भूमिकेत केला आहे. हिंदीच्या या प्रमाणभूत व्याकरणामागे मराठीचेही ऋण आहे, ते असे.

ज्या क्रियापदांचा अर्थ केवळ कर्त्याने पूर्ण होत नाही, त्यांना गुरू 'अपूर्ण क्रिया' म्हणतात आणि अर्थ पुरा करणाऱ्या शब्दाला 'पूर्ति'. मराठी शालेय व्याकरणात त्यालाच विधानपूरक म्हणतात. 'मुलगी दिसते' एवढ्याने बोलणाऱ्याचा आशय पुरा होत नाही. 'मुलगी थकलेली दिसते' म्हटल्यावर विधान पूर्ण होते. 'टेस्ट्स स्वीट' मधील 'स्वीट' हे असेच विधानपूरक आहे.

एका क्रियापदाची दोन रूपे

इंग्रजीतील अडचणीचे खरे कारण असे की, तेथे एकच क्रियापद दोन कामे करते. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम' म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिले. इंग्रजीने दोन्हीकडे 'लुक' वापरले. मराठीने मात्र 'दिसणे' आणि 'पाहणे' अशी दोन वेगळी क्रियापदे योजली आहेत. 'टेस्ट' या शब्दात 'लागणे' आणि 'चाखणे' असे दोन्ही अर्थ आहेत. 'फील' मध्ये 'वाटणे' आणि 'चाचपणे' एकत्र नांदतात.

मराठी भाषकाच्या हाती यातून एक सोपी कसोटी येते. इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'दिसणे, वाटणे, लागणे' असा होत असेल, तर पुढे विशेषण येते. तो 'पाहणे, चाचपणे, चाखणे' असा होत असेल, तर ती क्रिया कशी झाली हे सांगण्यासाठी क्रियाविशेषण लागते. हिंदीतील 'दिखना' आणि 'देखना' या जोडीनेही हेच साधते. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या जबलपूरच्या मराठी मुलांना ही कसोटी दोन बाजूंनी उपलब्ध आहे.

काही ठिकाणी मात्र थेट प्रतिशब्द मिळत नाही. 'द फ्लॉवर स्मेल्स स्वीट' याचे मराठी 'फुलाला गोड वास येतो' असे होते. तेथे विशेषण फुलाला सोडून वासाला चिकटते. अशा वेळी क्रियापदाच्या जागी 'इज' घालून पाहावे. 'द फ्लॉवर इज स्वीट' हे वाक्य उभे राहते, म्हणून विशेषणच योग्य.

बदल सांगणारी क्रियापदे

दुसरा गट स्थितीतील बदल सांगणाऱ्या क्रियापदांचा. 'गेट', 'गो', 'टर्न', 'ग्रो', 'फॉल' ही त्यातील नेहमीची. मराठीत जे एका क्रियापदात मावते, ते इंग्रजी पुष्कळदा क्रियापद आणि विशेषण अशा दोन शब्दांत मांडते. भिजणे म्हणजे 'गेट वेट', चिडणे म्हणजे 'गेट अँग्री', नासणे म्हणजे 'गो बॅड', केस पिकणे म्हणजे 'गो ग्रे'. 'आजारी पडणे' आणि 'फॉल इल' यांत तर पडण्याची कल्पनाही समान आहे.

या जोड्या मनाला येतील तशा बदलता येत नाहीत. 'गो' बहुधा नकोशा बदलासाठी येते. 'गो ब्लाइंड', 'गो बाल्ड', 'गो राँग' असे म्हणतात, पण बरे होण्यासाठी 'गो वेल' चालत नाही; तेथे 'गेट वेल' म्हणावे लागते. म्हणून ही क्रियापदे सुटी पाठ न करता विशेषणासह लक्षात ठेवणे हिताचे ठरते.

स्थान बदलले की अर्थ बदलतो

तिसऱ्या रचनेत विशेषण कर्माविषयी बोलते. मराठीत 'दार उघडे ठेवा', 'खिडकी उघडी ठेवा', 'दरवाजे उघडे ठेवा' असे विशेषण लिंगवचनानुसार बदलते. इंग्रजीत सर्वत्र 'ओपन' च राहते. रूप बदलत नसल्याने विशेषण कोठे आहे, यावरच अर्थाचा भार पडतो. 'शी फाउंड द एम्प्टी बॉक्स' म्हणजे तिला रिकामा डबा सापडला. 'शी फाउंड द बॉक्स एम्प्टी' म्हणजे तिला डबा रिकामा आढळला. पहिल्या वाक्यात रिकामेपणा गृहीत आहे. दुसऱ्यात तो नव्याने सांगितला आहे. नामापूर्वीच्या अधिविशेषणात आणि नामानंतरच्या विधिविशेषणात हाच भेद असतो.

न्यायालयीन भाषेत हा भेद फार मोलाचा ठरतो. जबलपूर येथे १९५६ पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयांची भाषा सर्वसाधारणपणे इंग्रजी असून, मध्य प्रदेशात कामकाजासाठी हिंदीलाही मुभा आहे. 'द कोर्ट फाउंड द ॲक्यूज्ड गिल्टी' हे निर्णयाचे वाक्य आहे. 'द गिल्टी ॲक्यूज्ड' या शब्दांत मात्र निर्णयापूर्वीच दोष गृहीत धरला जातो. मराठीतही 'आरोपी दोषी ठरला' आणि 'दोषी आरोपी' यांत तेच अंतर आहे.

एका विशेषणावर किती काही अवलंबून असते, याचे उदाहरण जबलपूरच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सापडते. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या याचिका मध्य प्रदेशासह अनेक उच्च न्यायालयांनी 'मेंटेनेबल', म्हणजे सुनावणीयोग्य, मानल्या होत्या. 'एडीएम जबलपूर' खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने उलट निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे मत त्याविरुद्ध होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणाच्या हक्काविषयीच्या निकालात बहुमताची ती भूमिका 'सीरियसली फ्लॉड', म्हणजे गंभीररीत्या सदोष, ठरविली.

या दोन शब्दांत विशेषण आणि क्रियाविशेषण यांची कामे स्पष्ट दिसतात. 'फ्लॉड' हे विशेषण निकाल कसा होता ते सांगते. 'सीरियसली' हे क्रियाविशेषण तो दोष किती गंभीर होता ते सांगते. इंग्रजी वाक्य लिहिताना शंका आली, तर शब्द कशाविषयी बोलतो हे आधी पाहावे. तो व्यक्तीविषयी किंवा वस्तूविषयी बोलत असेल तर विशेषण, आणि क्रियेची रीत किंवा गुणाचे प्रमाण सांगत असेल तर क्रियाविशेषण.