घोडीचं बाळंतपण

केंटकी म्हटलं की आपल्या मंडळींना तळलेली कोंबडी आठवते. पण लेक्सिंग्टनला राहायला आल्यावर आम्हाला कळलं, की इथलं खरं दैवत म्हणजे घोडा! गावाबाहेर पडलं की मैलोन्‌मैल लाकडी कुंपणं, आणि जानेवारीपासून मे-जूनपर्यंत तबेल्यांतून रात्रभर जाग. हा घोड्या विण्याचा हंगाम.

ऐन थंडीत का? तर शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस उत्तर गोलार्धात सरसकट १ जानेवारी धरतात. ३१ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्याच दिवशी एक वर्षाचं! म्हणून वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं बरं. घोडी साधारण ३४० दिवस गाभण असते आणि दिवस मोठे झाले की माजावर येते. मग डिसेंबरपासून तबेल्यात दिवे लावून तिचा दिवस सोळा तासांचा करायचा. आम्हा इंजिनिअर लोकांना पटणारी युक्ती!

आमच्या शेजारच्या अमेरिकन आजींच्या तीन घोड्या आहेत. आमची थोरली जन्मली तेव्हा आईचा व्हिसा वेळेत झाला नव्हता. त्या दिवसांत रोज संध्याकाळी सूपचं पातेलं घेऊन आल्या त्या याच आजी. त्यामुळे रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी हाक मारली की आम्ही नाही म्हणत नाही.

गेल्या मार्चमध्ये घोडीच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसले. घोड्या बहुधा रात्रीच वितात. गाई-म्हशींना तास-दोन तास लागले तरी आपण घाबरत नाही. इथे मात्र पाणमोट फुटल्यापासून वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. आधी पांढुरकी पिशवी, तिच्यात पुढचे दोन पाय, एक जरासा पुढे, आणि त्यांच्यावर नाक. पाय दुमडला किंवा मान मागे वळली की घोडी अडलीच.

त्या रात्री पांढऱ्याऐवजी लालभडक, मखमलीसारखी पिशवी दिसली. वार आधीच सुटली होती! म्हणजे आईकडून येणारा प्राणवायू तुटत चाललेला आणि नाक अजून आत. डॉक्टरला फोन लागला, पण त्यांची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. आजींनी कात्रीने पिशवी फाडली, आणि प्रत्येक कळेबरोबर आम्ही दोघांनी पाय धरून खाली ओढलं. शिंगरू आलं ते लुळंच. टॉवेलने खसाखसा चोळल्यावर एकदाचा श्वास लागला.

पण एवढ्यावर भागत नाही. आजींचा हिशेब असा: एका तासात उभं राहायचं, दोन तासांत दूध प्यायचं, आणि तीन तासांत वार पडायची. आमचं शिंगरू उभं राहिलं, पण आचळ सोडून भिंतच चाटत बसलं. प्राणवायू कमी पडला की असं होतं. आणि चीक तर तातडीने पोटात जायला हवा; माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्यं पोटातच मिळतात, शिंगराला फक्त चिकातून, तीही पहिल्या दिवसातच. डॉक्टरांनी नळीने चीक पाजला आणि त्याला दवाखान्यात हलवलं. चार दिवस आमच्या घरात जेवण कुणाला गोड लागलं नाही.

डॉक्टरांना संशय होता कुरणातल्या टॉल फेस्क्यू गवताचा. त्यातल्या बुरशीने वार जाड होते, दूध आटतं. आता शेवटचे दोन-तीन महिने आजी घोड्यांना त्या कुरणात सोडत नाहीत.

पाचव्या दिवशी शिंगरू घरी आलं आणि थेट आईला जाऊन लुचलं. ज्या चिकाचा आपण खरवस करतो, त्यानेच ते वाचलं, म्हणून थोरलीने त्याचं नावच 'खरवस' ठेवलं. आजी त्याला 'करवस' म्हणतात. लेक्सिंग्टनला आलात तर जरूर भेटून जा. गाजर मात्र आणायला विसरू नका!