समुद्रकांठची रात्र आणि सुरक्षितता

गोव्याच्या बार्देस तालुक्यांत कांदोळीपासून कळंगुटवरून बागा येथील खाडीच्या मुखापर्यंत वाळूचा एकच लांबलचक पट्टा पसरलेला आहे. एके काळीं या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या हांका आणि माडांची सळसळ यांखेरीज दुसरा आवाज क्वचितच उठत असे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस परदेशांतील भटक्या तरुणांचे तांडे येथें उतरूं लागले. त्यांच्या मागून विमानें भरून प्रवासी आले. आणि आतां तर मुंबई, पुणें, बेळगांव येथील कुटुंबांना जोडून सुटी मिळाली कीं त्यांच्या मोटारी याच रस्त्याला लागतात. सूर्य मावळतो न मावळतो तोंच वाळूवरील हंगामी शॅकांतून दिवे लागतात, वाद्यें सुरू होतात, आणि जें गांव दिवसां समुद्राचें असतें तें रात्रीं गर्दीचें होतें.

अशा ठिकाणच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम पोलीस उभा राहतो. गर्दी वाढली, तर पोलीस वाढवावेत. अपघात झाला, तर पहारा कडक करावा. पोलीस पाहिजेत यांत शंका नाहीं. परंतु संकट कोसळल्यावर धांवून येणारा मनुष्य कितीही शूर असला, तरी त्याच्या हातीं उरलेलीं मिनिटें मोजकींच असतात. त्या मिनिटांत माणूस वांचणार कीं नाहीं, हें बहुधा पुष्कळ आधीं, भर दिवसां ठरून गेलेलें असतें. दार कोणत्या बाजूस उघडतें, वाट किती रुंद आहे, दिवा कोठें आहे, पाण्यांतील धोक्याची खूण कोठें रोवली आहे, अशा साध्या गोष्टींवर तें अवलंबून असतें. रात्रीची सुरक्षितता दिवसांच सांठवून ठेवावी लागते. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ही रात्र कशी सरकते तें पाहिलें, म्हणजे या म्हणण्यांतील तथ्य ध्यानांत येईल.

प्रथम समुद्राकडे पाहूं गेल्यास, तो संध्याकाळीं शांत भासतो आणि त्यामुळेंच फसवितो. लाटांनीं किनाऱ्याकडे लोटलेलें पाणी कोठून तरी परत जाणारच. वाळूच्या दोन उंचवट्यांमधील खोलगट वाटेनें तें जोरानें समुद्राकडे ओढलें जातें. जेथें लाटा फुटत नाहींत, पाणी सपाट व थोडें गडद दिसतें, तीच पुष्कळदां ही वाट असते. आणि नवख्यास नेमकी तीच जागा पोहण्यास सोयीची वाटते. त्या ओढींत सांपडलेला मनुष्य घाबरून सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारूं लागतो, आणि पट्टीचा पोहणारा असला तरी थोड्याच वेळांत दमून जातो. वस्तुतः ही ओढ माणसाला तळाशीं नेत नाहीं. ती त्याला फक्त किनाऱ्यापासून दूर नेते, आणि तिची रुंदीही थोडीच असते. म्हणून अंग तरंगतें ठेवावें, किनाऱ्याला समांतर दिशेनें कांहीं अंतर जावें, आणि ओढ सुटली म्हणजे मग लाटांबरोबर तिरकें किनाऱ्याकडे वळावें, हाच सुटकेचा मार्ग होय.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून शिकवून तयार केलेले पगारी जीवरक्षक नेमलेले आहेत. ते तांबडे-पिवळे झेंडे रोवतात. त्या दोन झेंड्यांमधील पाणी त्यांच्या नजरेखालीं असतें. केवळ तांबडा झेंडा दिसला, तर पाण्यांत उतरूं नये असा त्याचा अर्थ. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत तर पोहण्याचा मोह टाळावा हेंच बरें. परंतु झेंडा कितीही मोठा असला तरी काळोखांत तो दिसत नाहीं, आणि काळोखांत बुडणारा माणूसही मनोऱ्यावरून दिसत नाहीं. पोटांत मद्य गेलें कीं धोक्याचा अंदाज चुकतो, अंग लवकर गारठतें, आणि मित्रांच्या हंशांत मदतीची हांक विरून जाते. रात्रीं समुद्रांत उतरणें हें धाडस नव्हे. ज्या राखणीसाठीं झेंडा रोवला ती राखण आपण होऊन सोडून देणें होय. गोव्यानें पर्यटनस्थळांच्या रक्षणासाठीं २००१ मध्यें केलेल्या कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन, अशा ठिकाणीं उघड्यावर मद्यपान करणें, अन्न शिजविणें व बाटल्या फोडणें यांना दंड ठरविण्यांत आला, तोही याच हेतूनें. वाळूंत गाडलेली कांच दुसऱ्या दिवशीं अनवाणी खेळणाऱ्या मुलाचा पाय कापते, हें रात्रीं बाटली फेंकणाऱ्याच्या ध्यानींमनींही नसतें.

किनाऱ्यावरून गर्दी आंत वळते ती उपाहारगृहांत आणि नाचगाण्याच्या दिवाणखान्यांत. कळंगुटच्या शेजारींच हडफडे हें गांव आहे. तेथील एका नाइट-क्लबांत ६ डिसेंबर २०२५ रोजीं, शनिवारीं, मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि २५ माणसें प्राणास मुकलीं. त्यांपैकीं २० जण तेथील नोकर होते. मौजेसाठीं आलेल्यांपेक्षां त्यांच्यासाठीं रांधणारे आणि वाढणारे हातच अधिक गेले. उत्तराखंड, झारखंड, आसाम, नेपाळ अशा दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठीं आलेलीं हीं माणसें. त्यांतील बरेच जण तळघरांतील स्वयंपाकघराच्या बाजूस अडकले आणि धुरानें गुदमरून मेले. क्लबकडे जाणारी वाट इतकी अरुंद होती कीं अग्निशामक दलाचे बंब जवळ नेतां येईनात. ते दूर उभे करावे लागले.

आगींत माणसें जळून मरतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. बंद जागेंत मात्र ज्वालेच्या आधीं धूरच मारतो. अर्धवट जळणाऱ्या पदार्थांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक ओढीनें जोडला जातो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. त्यामुळें माणसाला आपण गुदमरत आहों हें कळण्यापूर्वींच पायांतील बळ सरतें. धूर आधीं छताशीं जमतो आणि तेथून थरानें खालीं उतरतो. म्हणूनच वांकून किंवा रांगत बाहेर पडावें असें सांगतात. दिवे गेले कीं दिशा कळेनाशी होते. अशा वेळीं मनुष्य जवळचें दार शोधीत नाहीं. ज्या दारानें तो आंत आला त्याच दाराकडे तो धांवतो. सगळेच तसें करतात, आणि एकाच दारापाशीं चेंगराचेंगरी होते.

ही गोष्ट नवी नाहीं. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं ‘कोकोनट ग्रोव्ह’ नांवाच्या क्लबांत आग लागून ४९२ माणसें मेलीं. तेथेंही कृत्रिम माडांची आरास होती, आणि मुख्य वाट म्हणजे एक फिरतें दार होतें. लोकांच्या रेट्यानें तें दार अडकून बसलें. बाकीच्या दारांपैकीं कांहींना कुलुपें होतीं, तर कांहीं आंतल्या बाजूस उघडणारीं होतीं. मागून गर्दीचा दाब येत असतां आंत उघडणारें दार म्हणजे भिंतच. सार्वजनिक इमारतींची दारें बाहेर उघडलीं पाहिजेत, आणि फिरत्या दाराच्या शेजारीं साधीं दारें असलींच पाहिजेत, या नियमाला अशा दुर्घटनांमुळेंच जोर आला. मुंबईकरांना यापेक्षां जवळचें उदाहरण आठवेल. २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर लोअर परळ येथील कमला मिलच्या आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. त्यांतील अनेकांनीं सुरक्षित म्हणून स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता, आणि तेथेंच ते गुदमरले.

ही तिन्ही उदाहरणें एकत्र ठेवलीं म्हणजे काय करावयास पाहिजे तें समजण्यास शास्त्रज्ञ लागत नाहीं. निदान दोन वाटा परस्परांपासून दूर असाव्यात. दारें बाहेर उघडावींत आणि गिऱ्हाइकें आंत असेपर्यंत त्यांना कुलूप नसावें. वाटेंत खुर्च्या, पिंपें, रिकाम्या पेट्या रचलेल्या नसाव्यात. वीज गेली तरी जळणारे दिवे बाहेरची वाट दाखवीत असावेत. सुक्या झावळ्या, बांबू, कापड यांची शोभा असेल तेथें आंत आतषबाजी होऊं नये. स्वयंपाकघरालाही बाहेर पडण्याची स्वतःची वाट असावी, आणि ती तेथील पोऱ्यालाही काळोखांत सांपडावी. यांतील एकही गोष्ट आग लागल्यावर करतां येण्यासारखी नाहीं. प्रत्येक गोष्ट दिवसां, निवांतपणें, थोड्याशा खर्चानें करतां येते.

मग ती कां होत नाहीं? अशा एका क्लबास परवानगी देणारे हात अनेक असतात. ग्रामपंचायत, अबकारी खातें, अग्निशामक दल, प्रदूषण नियंत्रण मंडळ, किनारपट्टीचें प्राधिकरण, अशा प्रत्येकाचा कागद निराळा. एकजण मद्याचा परवाना पाहतो, दुसरा भिंतीची हद्द मोजतो, तिसरा आवाज मोजतो; सगळी जागा एकत्र आणि तीही भरगर्दीच्या रात्रीं पाहणारा कोणी नसतो. हडफडे येथील बांधकाम पाडण्याची नोटीस ग्रामपंचायतीनें पूर्वींच काढली होती, आणि तिला वरून स्थगिती मिळाली होती. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला आणि दिवाणखाना भरत राहिला. यावर उपाय म्हणजे हंगामाच्या आरंभीं सर्व खात्यांनीं मिळून एकदां, आणि हंगाम भरांत असतांना रात्रीं अचानक पुन्हां एकदां, एकत्र तपासणी करणें. आणि आंत किती माणसांस जागा आहे व बाहेरच्या वाटा कोठें आहेत, हें दर्शनी दारावर सर्वांना वाचतां येईल अशा अक्षरांत लावणें.

मध्यरात्र उलटली म्हणजे गर्दी रस्त्यावर येते. कळंगुट-बाग्याचे रस्ते हे मूळचे गांवाचे. दोन्ही बाजूंस कुंपणें, वळणावळणावर माड. त्यांवर काळ्या पाटीवर पिवळीं अक्षरें असलेल्या भाड्याच्या दुचाकी धांवत असतात, आणि त्या चालविणाऱ्यास पुढचें वळण ठाऊक नसतें. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें १०० मिलीलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यार्क असतां गाडी चालविणें हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळीं १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु निव्वळ दंडानें घरीं जाण्याची सोय होत नाहीं. रात्रीं उशिरां परवडणारें व भरंवशाचें वाहन मिळत नसेल, तर प्यालेला मनुष्य आपलीच गाडी काढणार. म्हणून ठराविक थांब्यांवरून पहाटेपर्यंत चालणारी बस आणि भाड्याचा फलक लावलेला टॅक्सीतळ हीं सुद्धां पोलीस चौकीइतकींच संरक्षणाचीं साधनें होत. एकट्या स्त्रीस तर उजेडाचा रस्ता, वर्दळीचा थांबा आणि ओळखतां येणारी गाडी यांचें मोल कोणत्याही सूचनाफलकाहून अधिक असतें.

सगळेंच लवकर बंद करावें, असाही एक मार्ग सुचविला जातो. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरानें २०१४ मध्यें कांहीं भागांत रात्रीं दीडनंतर नव्या गिऱ्हाइकास प्रवेश आणि तीननंतर मद्य देणें बंद केलें. त्या भागांतील मारामाऱ्या घटल्या. परंतु त्याबरोबर पुष्कळ गायक-वादक व लहान दुकानदार यांचा धंदाही बसला, आणि २०२१ पर्यंत ते निर्बंध उठविण्यांत आले. गोव्यांत हजारों कुटुंबांची चूल या हंगामावर पेटते. तेव्हां प्रश्न रात्र बंद करण्याचा नसून ती नीट चालविण्याचा आहे. रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावूं नयेत हा देशभरचा २००० सालचा नियम सुद्धां केवळ गांवकऱ्यांच्या झोंपेसाठीं नाहीं असें मानावयास हरकत नाहीं; ज्या गोंगाटांत शेजाऱ्याचा शब्द कळत नाहीं, तेथें संकटाची हांक कोणास कळणार?

सुटीसाठीं जाणाऱ्या कुटुंबानेंही आपला वाटा उचलावा. पाण्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं झेंडा पाहावा. दिवाणखान्यांत बसण्यापूर्वीं दुसरें दार कोठें आहे तें पाहावें, आणि तें कुलूपबंद दिसलें तर मुकाट्यानें उठून दुसरीकडे जावें. परत कसें जावयाचें हें पहिला पेला भरण्यापूर्वीं ठरवावें. आणि ११२ हा संकटकालचा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. दार बंद पाहून दहा कुटुंबें उठून गेलीं, तर अकराव्या दिवशीं मालक स्वतः होऊन कुलूप काढील. त्या उघड्या दारानें पाहुणे तर बाहेर पडतीलच. पण त्यांच्या मागें, भांडीं घांसून होईपर्यंत आंत राहणारा, दूरच्या गांवीं दर महिन्यास पैसे धाडणारा तो स्वयंपाकघरांतला पोऱ्याही पहाटे आपल्या खोलीवर सुखरूप पोहोंचेल.