जाताना सोळा तास, येताना साडेचौदा

धाकटी बहीण न्यू जर्सीहून निघाली की नवी मुंबईत नेरुळच्या आमच्या घरी आईचा मोबाइल हातातून सुटत नाही. पडद्यावरचं ते इवलंसं विमान कुठवर आलं, हे ती दर अर्ध्या तासाने सांगते. यंदा तिने विचारलं, "जाताना सोळा तास लागले, मग येताना साडेचौदाच कसे? पृथ्वी फिरते म्हणून का?"

पृथ्वी फिरते म्हणून नाही. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. भारताकडे येताना तो झोत पाठीशी घ्यायचा, जाताना शक्य तेवढा चुकवायचा, असा मार्ग आखतात.

आईचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. अमेरिका पश्चिमेला, मग विमान उत्तरेला कशाला चढतं?

त्यासाठी भाच्याचा पृथ्वीगोल काढला. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं, न्यूयॉर्कवर दुसरं आणि दोरा ताणला. तो अरबस्तानाकडे वळलाच नाही! कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, मग मॉस्को आणि हेलसिंकीच्या आसपासहून नॉर्वे, आइसलँडच्या जवळून खाली न्यूयॉर्क. हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. होकायंत्राची एकच दिशा धरून अरबस्तान, इजिप्त, सहारा असं गेलं तर ते १४,२०० च्या आसपास भरतं. सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोल पृथ्वीवर लांबची ठरते, हे आईला दोऱ्याने पटलं. माझ्या बोलण्याने पटलं नसतं.

अर्थात दोऱ्याला सरहद्दी नसतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हापासून सिंधवरून जाणारी ती जवळची वाट त्यांच्यासाठी मिटली. वळसा आला की इंधन वाढतं, वेळ वाढतो.

पूर्वी तर वाटेत थांबल्याशिवाय भागतच नसे. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० साली बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं, तेही लंडनमार्गे. कुठेही न उतरता मुंबईहून थेट न्यूयॉर्क गाठणं एअर इंडियाला २००७ मध्ये जमलं.

तिकिटावरच्या वेळा मात्र जिथल्या तिथल्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. बहीण जानेवारीत तिथून सकाळी साडेअकराला निघाली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा. साडेचौदा तास धरले की दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा. त्यात सामान यायला तास, मग मुंबईच्या सहार विमानतळाहून चेंबूर, मानखुर्द, वाशीचा खाडीपूल.

उलव्याची टेकडी कापून, नदीचं पात्र वळवून, तरघर-कोंबडभुजेसारखी गावं उठवून उभारलेला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. सहारपासून तो हवेतून जेमतेम पंचवीस किलोमीटर. न्यूयॉर्कच्या अंतरात हा फरक कुठेच दिसत नाही. पण बहिणीचं विमान कधी तिथे उतरलं, तर आईला स्वयंपाक तासभर आधी उरकावा लागेल.