ईसीजीच्या पट्टीवरची थरथर: कॉमन मोड नॉइज कसा आवरायचा?

(रामदासपेठ, नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, रामदासपेठ म्हटलं की चार पावलांवर दवाखाना आलाच. म्हणून आज उदाहरण ईसीजीचं घेऊ. हातापायांवर मिळणारा हृदयाचा विद्युत संकेत साधारण १ मिलिव्होल्टचा असतो. खोलीतल्या तारांमध्ये मात्र २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज असते. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पलंगाशेजारी कूलर. शरीराचा तारेला स्पर्श नसतो, तरी मधली हवा कपॅसिटरसारखी वागते आणि अख्खं शरीर जमिनीच्या तुलनेत एखादा व्होल्ट वर-खाली होऊ शकतं.

आता गंमत बघा. हा गोंगाट दोन्ही हातांवर सारखाच येतो, म्हणून तो कॉमन मोड. हृदयाचा संकेत मात्र दोन हातांवर वेगवेगळा. दोन्हींची वजाबाकी केली की गोंगाट जातो, संकेत उरतो. हे काम इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर करतो. त्याची वजाबाकी किती चोख, याचं माप म्हणजे सीएमआरआर. १०० डेसिबल असेल तर १ व्होल्टचा गोंगाट फक्त १० मायक्रोव्होल्टइतका उरतो.

मग थरथर येते कुठून? तोल बिघडतो तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच. एका हातावर जेल नीट लागलंय, दुसऱ्या हाताची त्वचा कोरडी. समजा, दोन इलेक्ट्रोडच्या इम्पिडन्समध्ये २० किलोओहमचा फरक आहे आणि यंत्राचा इनपुट इम्पिडन्स १० मेगाओहम. हे प्रमाण ५०० ला १. म्हणजे १ व्होल्टमागे २ मिलिव्होल्टचा खराखुरा फरक तयार झाला. अ‍ॅम्प्लिफायर त्याला हृदयाचा संकेत समजून वाढवणारच! पट्टीवर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर. म्हणजे हा गोंगाट २० मिलिमीटरचा. आणि हार्ट अटॅकची शंका असताना डॉक्टर शोधत असतात एसटी भागातला १-२ मिलिमीटरचा बदल.

इथे उजव्या पायाचा इलेक्ट्रोड कामाला येतो. यंत्र शरीरावरचा कॉमन मोड मोजतं, उलटा करून वाढवतं आणि उजव्या पायातून परत देतं. याला राईट लेग ड्राइव्ह म्हणतात. विंटर आणि वेब्स्टर यांनी १९८३ साली या सर्किटच्या रचनेवर सविस्तर लिहिलं. गोंगाट १०० पट घटला, तर आपले २० मिलिमीटर ०.२ वर येतात. वाटेत मोठा रेझिस्टर असतो, त्यामुळे शरीरातून जाणारा करंट सुरक्षित मर्यादेत राहतो.

प्रश्न: सरळ ५० हर्ट्झचा फिल्टर लावला तर?

लावतात, पण तो शेवटचा उपाय ठेवा. हृदयाच्या संकेतातही ५० हर्ट्झच्या आसपासचा भाग असतो. फिल्टरमुळे टोकदार लहरीचा आकार बदलू शकतो, तिच्यामागे खोट्या लहरी उमटू शकतात. आधी त्वचा पुसा, जेल लावा, उजव्या पायाची क्लिप तपासा. तारा एकत्र ठेवा, कूलर लांब सारा, अर्थिंग बघून घ्या. गोंगाट दोन्हीकडे सारखा असेल तोवर वजाबाकीत जातो. एकदा तो संकेतात मिसळला की वेगळा काढणं अवघड.