पेडलमधला बोटभर प्ले

जुन्या मारुती ८००च्या क्लच पेडलवर पायाऐवजी तळहात ठेवा आणि हलकेच दाबा. सुरुवातीचं बोटभर अंतर पेडल अगदी पोकळ खाली जातं, मग एकदम काहीतरी आडवं येतं आणि जोर लावावा लागतो. या पोकळ अंतराला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. गिअरबॉक्स न उतरवता आतली हकिकत सांगणारं इतकं स्वस्त मोजमाप गाडीत दुसरं नसावं.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या या गाडीत पेडलचा जोर गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत एका केबलने पोचतो. ही युक्ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांची, पेटंट १८९६चं. आत पिळाची पोलादी तार, म्हणजे इनर. बाहेर घट्ट वेटोळ्यांची नळी, म्हणजे आऊटर. तार ओढते हे कुणालाही दिसतं. आऊटर मात्र नुसतं धुळीपासून वाचवणारं वेष्टण वाटतं, आणि तिथेच आपण फसतो. तार जितक्या जोराने ओढते तितक्याच जोराने आऊटर दोन्ही टोकांना रेटत असतं. निम्मं काम त्याचं! म्हणून तर केबल हवी तशी वळवून नेता येते आणि रबरी माउंटिंगवर इंजिन कितीही थरथरलं तरी क्लच आपला जागच्या जागी राहतो.

या रेट्याचा त्रास गंजलेल्या गाडीला होतो. पेडलच्या मागे, आऊटर जिथे टेकतं तिथला फायरवॉलचा पत्रा कमजोर झाला, की पेडल दाबल्यावर तार ओढली जाण्याऐवजी पत्राच फुगतो. नवी केबल टाकूनही क्लच सुटत नसेल, तर कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून त्या जागेकडे बघत राहा. हलणारा पत्रा डोळ्यांना दिसतो.

पेडल जड झालं असेल तर गोष्ट घर्षणाची. भाऊच्या धक्क्यावर खलाशी लाँचचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि एका हाताने अख्खी लाँच धरून ठेवतो. वेढे वाढले की पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. केबलच्या वळणांत हेच गणित आपल्या विरुद्ध चालतं. केबलची सगळी वळणं मिळून अर्धं वर्तुळ भरतं असं धरा. घर्षणाचा गुणांक ०.१ असेल तर पलीकडे जेवढा जोर पोचवायचा त्याच्या साधारण १.४ पट इकडून लावावा लागतो. गंज चढून गुणांक ०.३ झाला तर हाच आकडा अडीच पटीच्या पुढे जातो. आणि गंमत अशी की गणितात वळण किती मोठं किंवा लहान याला जागाच नाही, एकूण कोन तेवढा मोजायचा. (म्हणून तीव्र वळण चालतं असं नाही, तिथे तारेचे धागे एकेक करून तुटतात.) तपासणी सोपी आहे. लिव्हरकडचं टोक सोडवा आणि तार हाताने मागेपुढे करून बघा. ती अडखळली तर केबल गेली. सरसर फिरली तर दोष पलीकडे, बहुधा क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटमध्ये.

आता पुन्हा प्लेकडे. केबल ताणली की प्ले वाढतो. पेडल तळाला टेकलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात. रिव्हर्स सगळ्यात आधी, कारण त्याला सहसा सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग जुळवून घेणारी यंत्रणा, नसते. क्लच प्लेट झिजली तर मात्र प्ले कमी होतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिच्या स्प्रिंगची बोटं उलट दिशेने, पेडल दाबल्यावर त्यांना रेटणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे उचलली जातात आणि मधली फट खाऊन टाकतात. झीज आत होते आणि केबल बाहेर घट्ट होत जाते! प्ले संपला की पाय न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. कसारा घाटात इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही, जळका वास येतो. अशा वेळी ‘क्लच सैल झालाय’ म्हणून ॲडजस्टरचा नट कसणारे पुष्कळ भेटतात. उरलीसुरली प्लेट ते त्याच दिवशी संपवतात. आधी नट सैल करून प्ले परत आणायचा. तो देऊनही क्लच घसरत असेल तर प्लेटच बदलायची.

सगळ्यात चक्रावणारा बिघाड विजेचा आहे. बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली किंवा गंजली, तर स्टार्टरचा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह बॉडीकडे परतायला दुसरा रस्ता शोधतो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत पोलादी तार तयारच असते: क्लच केबल. ती तापते, आतली प्लॅस्टिकची नळी वितळून तारेला चिकटते, पेडल अडकतं. स्टार्टर मारल्यावर केबल गरम लागली तर संशय इथेच घ्या. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूला लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर आधी पट्टी बदला, नाहीतर नवी केबलही तशीच वितळेल.